पाणी कुठं अडलं, हे शोधणाऱ्याची नोकरी

दहावीचा निकाल लागला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड, एटापल्ली, अहेरीकडच्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. पोरगं हुशार असेल तर ‘नीट’चं काय, बेताचं असेल तर पोलीस भरती कधी निघते, आणि दोन्हींत बसत नसेल तर, ‘काहीतरी आयटीआय बघा, साहेब.’ या ‘काहीतरी’तच दोन वर्षं वाया जातात. ट्रेड कुठला, तो शिकून काम कुठल्या दारात मिळतं, पाच वर्षांनी पगार कशावर वाढतो, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. म्हणून आज एकाच कामाबद्दल लिहितो. कारखान्यात, दवाखान्यात, गावच्या नळयोजनेत पाणी गाळणाऱ्या आणि शुद्ध करणाऱ्या यंत्रणा असतात. त्यांचे पंप आणि फिल्टर बिघडले की दोष नेमका कुठे आहे हे शोधून काढणाऱ्या माणसाचं हे काम.

भामरागडजवळच्या हेमलकशाच्या मुलांसमोर डॉक्टर होण्याचं स्वप्न असणं साहजिक आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी जंगलात दवाखाना उभा केला आणि २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७६ पासून चालणाऱ्या आश्रमशाळेत शिकणाऱ्या माडिया मुलाला तो दवाखाना रोज दिसतो. स्वप्न चांगलंच आहे, त्याला हात लावत नाही. पण वैद्यकीयच्या जागा मोजक्या, आणि दवाखाना काही एकट्या डॉक्टरवर चालत नाही. साधं डायलिसिस घ्या. चार तासांच्या एका बैठकीला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि रुग्णाचं रक्त त्या पाण्यापासून पातळ पडद्याइतकंच दूर असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, क्लोरामाइन अडवणारा कार्बन फिल्टर संपला आणि कुणी तपासलाच नाही, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्या खोलीच्या मागे, पाण्याच्या प्लांटवर उभा असलेला माणूस किती जबाबदारीचं काम करतो हे पेशंटच्या नातेवाइकांना कळतही नाही.

आता नोकऱ्या कुठे आहेत ते बघू. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचं, इरई धरणाच्या पाण्यावर चालणारं. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा तिथले संच बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रं होती, पाणी नव्हतं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला लगदा धुवायलाच पाणी लागतं. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुसकडे सिमेंट आहे. वेकोलीच्या कोळसा खाणींत तर खाणीत झिरपणारं पाणी उपसून बाहेर काढलं नाही तर कामच थांबतं. आणि आता गडचिरोलीतच, एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीहून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर लांबीच्या पाइपमधून लोहखनिजाची भुकटी पाण्यात कालवून पंपांनी ढकलली जाते. हे खनिज ज्या सुरजागडच्या खाणीतलं, तिच्याबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत आणि त्यांना कारणंही आहेत. पण खाण हवी म्हणणाऱ्यालाही आणि नको म्हणणाऱ्यालाही एक गोष्ट लागणारच: कारखान्यातून बाहेर सोडलेलं पाणी तपासणारा, समजणारा स्थानिक माणूस. तो बाहेरून आणायचा की आपल्यातून तयार करायचा, एवढाच प्रश्न आहे.

कारखान्याला एवढं शुद्ध पाणी कशाला लागतं, हे पालक हमखास विचारतात. बॉयलरसाठी. नदीचं पाणी तसंच बॉयलरला दिलं तर नळ्यांच्या आत क्षार बसतात, उष्णता पलीकडे जात नाही, नळी तापून फुटते. वाफेबरोबर सिलिका गेली तर ती टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते. म्हणून आधी तुरटी टाकून गाळ बसवायचा, मग वाळूचा फिल्टर, मग कार्बन, मग विरघळलेले क्षार काढणारा आरओ किंवा डीएम प्लांट. या प्रत्येक टप्प्याच्या मागेपुढे पंप आहे. पाणी कमी आलं की सगळे ओरडतात, ‘पंप गेला!’ बहुतेक वेळा पंप गेलेला नसतो.

इथेच या कामाची खरी मजा आहे, म्हणून जरा खोलात जातो. वाळूच्या फिल्टरला दोन प्रेशर गेज असतात, एक पाणी आत जाताना, एक बाहेर पडताना. समजा फिल्टर स्वच्छ असताना दोन्हींत दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोचा फरक असतो. आज आतलं गेज तीन किलो दाखवतंय आणि बाहेरचं दीड. पंप तर नीट ढकलतोय, म्हणजे वाळू गाळानं भरली आहे. बॅकवॉश द्या, उलट्या दिशेनं पाणी सोडून वाळू धुवा, काम झालं. आता दुसरी गोष्ट. दोन्ही गेज खाली आली आहेत, फरक मात्र नेहमीएवढाच आहे किंवा कमी झाला आहे. मग फिल्टरला हात लावायचा नाही. दोष पंपाकडे आहे: फुटव्हॉल्व्ह गळतोय, सक्शनच्या गाळणीत कचरा अडकलाय, ग्लँडमधून हवा ओढली जातेय, किंवा पाणी ढकलणारं आतलं चक्र, म्हणजे इम्पेलर, झिजलाय. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. फरक जवळजवळ शून्य, पाणी भरपूर, पण गढूळ. नवखा पोरगा खुश होतो की प्रवाह वाढला. जुना माणूस कपाळाला हात लावतो, कारण आतल्या वाळूतून पाण्यानं स्वतःची वाट पाडलेली असते किंवा खालची जाळी फुटून वाळूच वाहून गेलेली असते.

आणि हे सगळं करण्याआधी गेज खरं बोलतंय का ते बघायचं. गेजचा छोटा कॉक बंद करून त्याच्यातला दाब सोडला की काटा शून्यावर यायला हवा. नाही आला तर त्या गेजच्या भरवशावर अख्खा पंप उघडणारा माणूस दुपारभर घाम गाळतो आणि संध्याकाळी पाणी तेवढंच येतं.

विजेचा मामला असाच उलटा वाटणारा. मोटरचा अँपिअर मीटर बघा. पुढचा व्हॉल्व्ह बंद झाला, पाइप चोंदला, तर मोटरवर ताण येऊन करंट वाढेल असं कुणालाही वाटतं. पण कारखान्यात सर्रास दिसणाऱ्या सेंट्रिफ्युगल पंपात करंट कमी होतो, कारण पंप पाणी ढकलतच नसतो. उलट पुढे कुठे पाइप फुटला, अडथळा गेला, पाणी सुसाट वाहू लागलं, की करंट चढतो आणि मोटर ट्रिप होते. मोटर रिवाइंड करून आणल्यावर दोन फेज उलटे जोडले गेले तर पंप उलटा फिरतो, तरीही पाणी पुढेच येतं, फक्त कमी येतं. म्हणून ‘पाणी येतंय ना, मग ठीक आहे’ असं म्हणणारा या धंद्यात टिकत नाही. कव्हरवरचा बाण आणि पंख्याची दिशा जुळवून बघणारा टिकतो.

आवाजावरूनही बरंच कळतं. लोखंडी डब्यात खडे घालून हलवावेत तसा पंप खडखडू लागला तर बेअरिंग बदलण्याआधी सक्शन बघायचं. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त सुमारे १०.३ मीटरपर्यंतच वर ढकलू शकतो, तोही कागदावर. प्रत्यक्षात सहा-सात मीटरवर गाडी अडते. पाणी गरम असेल तर त्याहूनही आधी. पंपाला हवं तेवढं पाणी मिळालं नाही की आत वाफेचे बुडबुडे तयार होतात, फुटतात आणि इम्पेलरच्या धातूवर खड्डे पाडतात. पंप बदलून हा आजार जात नाही. सक्शन पाइप मोठा करा, पंप खाली बसवा, टाकीतली पातळी वाढवा. दहावीच्या विज्ञानात हवेचा दाब येतो तेव्हा मुलं विचारतात, याचा उपयोग काय. याचा उपयोग हा.

आरओकडे आलं की पाण्याचं रसायन सुरू होतं. मेंब्रेनवर क्षार बसले तर दाब वाढतो, पाणी कमी येतं. हे ओळखायला सोपं. पण आधीच्या कार्बन फिल्टरमधून क्लोरीन सुटून मेंब्रेनपर्यंत गेलं तर मेंब्रेन जळतो. आणि तेव्हा पाणी कमी नाही, जास्त येतं! मालक खुश, विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर मात्र चढत जातं. जळलेला मेंब्रेन कुठल्याही औषधानं धुऊन नीट होत नाही, तो बदलावाच लागतो आणि त्याचा खर्च शिफ्टमधल्या सगळ्यांच्या पगाराहून जास्त असतो. म्हणून रोज त्याच वेळेला दाब, प्रवाह, टीडीएस आणि करंट हे चार आकडे वहीत लिहिणारा ऑपरेटर कारखान्याला हवा असतो. बिघाडाच्या दिवशी त्या वहीला सोन्याची किंमत येते, कारण दोष कालपासून आहे की महिनाभरापासून, हे दुसरं कुणी सांगू शकत नाही.

आता गावाकडे येऊ. आपल्या भागात काही ठिकाणी हातपंपाचं पाणी बादलीत काढताना निवळ दिसतं आणि थोड्या वेळानं तांबूस होतं. लोक म्हणतात, पाणी खराब झालं. खरं तर पाण्यात विरघळलेलं लोह हवा लागल्यावर गंजून दिसू लागतं. म्हणजे उपाय काय? पाण्याला आधी हवा दाखवायची, लोह गंजू द्यायचं, मग वाळूतून गाळायचं. नेमकं हेच तत्त्व कारखान्यातल्या लोह काढणाऱ्या प्लांटमध्ये लाखो रुपये खर्चून वापरतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालतं. त्याहून जास्त झालं तर आधी दातांवर डाग पडतात, पुढे हाडं वाकतात. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची ‘नालगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काढली. म्हणजे हे विज्ञान दिल्ली-मुंबईचं नाही, इथल्याच रेल्वेमार्गावरचं आहे.

हातपंपाचंच बघा. देशभर गावोगाव दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ ज्या पंपावरून बेतला, तो १९७० च्या दशकातला सोलापूर पंप. त्याआधीचे बिडाचे पंप गर्दीचा वापर सोसत नसत, सारखे मोडत. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या वर्कशॉपमधल्या मंडळींनी तो मोडतो कुठे हे बघितलं आणि दांडा, टेकू, साखळी नव्यानं बसवली. पुढे युनिसेफच्या पुढाकारानं त्यावरून मार्क टू तयार झाला. बिघाड शोधणाऱ्याचं काम केवढं पोचू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

गडचिरोलीत आता सौर ड्युअल पंप आहेत. एकाच बोअरमध्ये सौर पंप आणि हातपंप, शेजारी साधारण ५ हजार लिटरची टाकी, तिथून नळ. ऊन असेल तेव्हा टाकी भरते, नसेल तेव्हा दांडा मारायचा. योजना हुशारीची आहे, पण पॅनलवर धूळ बसली, बोअरची पातळी खाली गेली, कंट्रोलर बंद पडला, की बंद. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतं. आलापल्लीहून ६५ किलोमीटर गाडी घेऊन येणारा मेकॅनिक तेव्हा पुलाच्या अलीकडे थांबतो. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशननं गावोगाव नळ नेले, ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहेत, किटनं पाणी तपासण्यासाठी दर गावात पाच महिलांना शिकवायचं असं ठरलं. नळ बसवायचा ठेका कुणीही घेतो. तो चालू ठेवायला गावात राहणारा माणूस लागतो, आणि तो माणूस शिकलेला असेल तर पंचायत समितीलाही तो हवाच असतो.

मग शिकायचं कुठे? आयटीआयमध्ये ‘पंप ऑपरेटर कम मेकॅनिक’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि नावावरून तोच घ्यावासा वाटतो. माझं मत वेगळं आहे. घरची अडचण असेल, लवकर कमाई हवी असेल तर तो घ्या. पण दोन वर्षं काढणं शक्य असेल तर इलेक्ट्रिशियन, फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ घ्या. कारण दहावीनंतर दोन वर्षांचा योग्य ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. एक वर्षाच्या ट्रेडनं हे दार उघडत नाही. गडचिरोली आणि ब्रह्मपुरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. माझ्या अंदाजानं पाण्याच्या कामात सगळ्यात चांगली सुरुवात इलेक्ट्रिशियनची होते, कारण अर्धे बिघाड पॅनलमध्ये निघतात. सगळ्यात चांगली वाढ मात्र इन्स्ट्रुमेंटवाल्याची होते. केमिकल प्लांटचा ट्रेड जवळच्या संस्थेत नसण्याची शक्यता आहे, त्यासाठी जिल्ह्याबाहेर जायची तयारी हवी. ज्याला रसायनशास्त्र आवडतं त्यानं बी.एस्सी. करून प्लांटच्या प्रयोगशाळेत शिरावं. तेही याच घराचं दुसरं दार आहे.

ट्रेड संपल्यावर अॅप्रेंटिसशिप चुकवू नका. १९६१ च्या कायद्यानुसार मोठ्या कारखान्यांना उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतन मिळतं, आणि जो पंप आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये उघडून ठेवलेला असतो तो इथे चालू असतो. या वर्षात मुलानं एक वही करावी. कुठला बिघाड, आधी काय दिसलं, काय काय तपासलं, शेवटी काय निघालं. मुलाखतीत ही वही पुढे ठेवणारा उमेदवार मी कधी रिकाम्या हातानं परत आलेला बघितला नाही.

आता कडू भाग. या कामाची पहिली नोकरी बहुधा कंत्राटदाराकडे असते. पगार सुरुवातीला किमान वेतनाच्या आसपास, शिफ्ट रात्रीची, आणि ‘ऑपरेटर’ म्हणून घेऊन हेल्परचं काम करून घेणारे ठेकेदारही आहेत. नेमणुकीचं पत्र, पीएफ नंबर आणि ईएसआयचं कार्ड या तीन गोष्टी पहिल्या महिन्यात मागायच्याच. न लाजता मागायच्या. धोकेही खरे आहेत. डीएम प्लांटमध्ये आम्ल आणि कॉस्टिक असतं. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. क्लोरीन सिलिंडरची गळती माणसाला वेळ देत नाही. बंद टाकीत साफसफाईला उतरताना हवा तपासलेली हवी, बाहेर माणूस उभा हवा. पंपाला हात लावण्याआधी पॅनल बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. या गोष्टी न शिकवता मुलाला प्लांटवर पाठवणाऱ्या ठेकेदाराकडे मुलगा ठेवू नका, घरी परत आणा.

कुठल्या मुलाला हे काम मानवतं? मार्कांवरून कळत नाही. सायकलची चेन पडली की शिवी देऊन बसवणारा एक असतो, आणि ती का पडते म्हणून चाकाकडे बघणारा दुसरा. दुसऱ्याला पाठवा. इंग्रजी कच्चं असेल तरी चालतं. पंपावरची पाटी, मॅन्युअलमधली आकृती आणि साठ-सत्तर शब्द सहा महिन्यांत येतात. माडिया बोलणाऱ्या मुलाची मराठी शाळेत अडखळते म्हणून त्याला ‘ढ’ ठरवू नका, त्याचे कान आणि हात वेगळ्या भाषेत काम करतात. गणित मात्र पळवाट काढून चालत नाही: दाब, प्रवाह, टक्के, सरासरी हे पक्कं हवं.

मुलींचं काय, हा प्रश्न आई विचारते, वडील क्वचितच. प्रयोगशाळा, इन्स्ट्रुमेंट, कंट्रोल रूम इथे मुली काम करतात आणि नोंदी सहसा मुलांपेक्षा नीट ठेवतात. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा आहेत. राहण्याची अडचण असेल तर आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. भामरागडलाच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, तिथे निकालाच्या आधीच जाऊन चौकशी करा. जात प्रमाणपत्र असेल तर पडताळणी झाली आहे का ते बघा. जूनमध्ये तहसीलच्या रांगेत उभं राहून प्रवेश घालवलेली मुलं दर वर्षी भेटतात.

आणि अर्ज भरताना एक लक्षात ठेवा. आयटीआयची प्रवेशप्रक्रिया ऑनलाइन असते, ट्रेड आणि संस्थांचे पर्याय पसंतीक्रमानं भरायचे असतात. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती घ्यावी लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून सायबर कॅफेवाल्याला ‘तुम्हीच भरा’ म्हणू नका. पहिला पर्याय मुलाला शेजारी बसवून, ट्रेडचं पूर्ण नाव वाचून, संस्थेला वसतिगृह किती लांब आहे हे विचारून भरा, आणि अर्जाची छापील प्रत घरी ठेवा.